गुडघ्याच्या अस्थिसंधिवातातील रुग्णशुश्रूषा

गुडघ्याच्या अस्थिसंधिवातातील रुग्णशुश्रूषा म्हणजे गुडघ्याच्या सांध्यातील कूर्चा झिजल्याने वेदना, आखडलेपणा व हालचालीवर मर्यादा आलेल्या रुग्णाची रुग्णालयात, आरोग्य केंद्रात आणि मुख्यतः घरी घेतली जाणारी काळजी होय. या रोगाला वैद्यकात ऑस्टिओआर्थ्रायटिस असे नाव असून मराठी व्यवहारात त्याला संधिवात, गुडघ्यांची झीज किंवा नुसते 'गुडघे धरणे' असे म्हणतात. झिजलेली कूर्चा पूर्ववत करणारे औषध आजवर उपलब्ध नाही. त्यामुळे रोग समूळ घालवणे हे या शुश्रूषेचे उद्दिष्ट नसते. उठणे, बसणे, चालणे, जिना चढणे, शौचास जाणे या क्रिया शक्य तितकी वर्षे रुग्णाच्या स्वतःच्या हातात ठेवणे, हे तिचे उद्दिष्ट असते. घरातील वडीलधाऱ्यांना आपुलकीने दिला जाणारा 'आता स्वस्थ बसून राहा' हा सल्ला या उद्दिष्टाच्या नेमका विरुद्ध जातो.

रोगाचे स्वरूप

गुडघा हा मांडीचे हाड, नडगीचे हाड आणि वाटी यांचा मिळून झालेला सांधा आहे. हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चेचे आच्छादन असते. अस्थिसंधिवातात ही कूर्चा पातळ व खडबडीत होते, तिच्याखालचे हाड टणक होते, कडेने हाडाचे काटे वाढतात, सांध्याचे अस्तर अधूनमधून सुजते आणि मांडीचे स्नायू दुबळे होतात. म्हणजे हा नुसत्या झिजेचा नव्हे, तर संपूर्ण सांध्याचा रोग आहे.

'टायर झिजले' किंवा 'वंगण संपले' ही उपमा दवाखान्यांत सर्रास वापरली जाते. ती समजायला सोपी आहे, परंतु रुग्ण तिच्यातून चुकीचा निष्कर्ष काढतो: जितके कमी चालावे तितके टायर अधिक टिकेल. प्रत्यक्षात कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिचे पोषण सांध्यातील द्रवातून होते, आणि तो द्रव तिच्यात खेळता राहण्यासाठी सांध्यावर भार येणे व उतरणे आवश्यक असते. न वापरलेला गुडघा टिकत नाही, तो आखडतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार २०१९ साली जगभरात सुमारे ५२ कोटी ८० लाख लोकांना अस्थिसंधिवात होता. त्यांपैकी सुमारे ७३ टक्के लोक ५५ वर्षांवरील आणि ६० टक्के स्त्रिया होत्या. सर्वाधिक बाधित होणारा सांधा गुडघा असून त्याच्या रुग्णांची संख्या साडेछत्तीस कोटींच्या घरात होती. वय, लठ्ठपणा, गुडघ्याला पूर्वी झालेली इजा, आनुवंशिकता आणि वर्षानुवर्षे उकिडवे बसून किंवा गुडघ्यांवर टेकून करावी लागणारी कामे ही प्रमुख कारणे मानली जातात. रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांमध्ये हे प्रमाण वाढते.

सकाळी उठल्यावर गुडघा आखडलेला असतो, परंतु तो साधारण अर्ध्या तासाच्या आत मोकळा होतो. आमवातात हा आखडलेपणा तासाहून अधिक काळ टिकतो व बोटांचे लहान सांधे दोन्ही बाजूंनी सुजतात. या दोन रोगांची औषधे पूर्णपणे वेगळी असल्याने हा फरक विचारून घेणे महत्त्वाचे ठरते. क्ष-किरण चित्रावरील झिजेची ० ते ४ अशी श्रेणी केलग्रेन व लॉरेन्स यांनी १९५७ साली मांडली व ती आजही वापरात आहे. मात्र चित्रातील श्रेणी आणि प्रत्यक्ष वेदना यांचा मेळ बसतोच असे नाही. चौथ्या श्रेणीचा रुग्ण शेतात काम करताना दिसतो आणि दुसऱ्या श्रेणीचा खाटेवरून उठत नाही. शुश्रूषा चित्राची करावयाची नसून माणसाची करावयाची असते, हे येथे शब्दशः खरे आहे.

शुश्रूषा करणारे

भारतात २०१०-११ पासून वृद्धांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम राबवला जातो व त्याअंतर्गत जिल्हा रुग्णालयांत वृद्धांसाठी बाह्यरुग्ण विभाग आणि भौतिकोपचार यांची तरतूद आहे. गावपातळीवर समुदाय आरोग्य अधिकारी, परिचारिका आणि आशा सेविका यांच्याशी रुग्णाचा संबंध येतो. तरीही या रोगातील बहुतांश शुश्रूषा सून, मुलगी, पती किंवा पत्नी हेच करतात, आणि ती कोणी शिकवलेली नसते. परिचारिकेचे मोठे काम म्हणूनच रुग्णाच्या बरोबरीने या घरच्या माणसाला शिकवणे हे असते. दहा मिनिटांच्या भेटीत कागदावर लिहून दिलेल्या व्यायामांपेक्षा सुनेसमोर एकदा करवून घेतलेला एक व्यायाम अधिक उपयोगी पडतो.

मूल्यमापन

परिचर्येची सुरुवात रुग्णाच्या मूल्यमापनाने होते. वेदना कोठे आहे, कधी वाढते, कशाने शमते, झोपमोड होते का, गुडघा अडकतो का, चालताना अचानक दगा देतो का, याची नोंद घेतात. वेदनेची तीव्रता ० ते १० या मापावर विचारण्याची पद्धत आहे. ज्येष्ठ ग्रामीण रुग्णांना हे माप परके वाटते. 'पूर्वीचे दुखणे सोळा आणे धरले तर आता किती आणे आहे' असे विचारल्यास ते चटकन 'बारा आणे' किंवा 'आठ आणे' असे उत्तर देतात. 'ठणका', 'कळ', 'चमक' आणि 'ओढ' हे शब्दही एकमेकांचे पर्याय नव्हेत. चालल्यावर येणारी कळ ही या रोगाची नेहमीची तक्रार आहे, तर अंथरुणावर निपचित पडलेले असतानाही सतत लागलेला ठणका वेगळ्या आजाराची शंका निर्माण करू शकतो.

संशोधनात आणि मोठ्या रुग्णालयांत कॅनडातील वेस्टर्न ओंटारिओ व मॅकमास्टर या विद्यापीठांत १९८२ साली विकसित झालेली वोमॅक ही प्रश्नावली वापरतात. तिच्या २४ प्रश्नांपैकी ५ वेदनेविषयी, २ आखडलेपणाविषयी आणि तब्बल १७ दैनंदिन क्रियांविषयी आहेत. हे प्रमाणच पुरेसे बोलके आहे. रोगाने काय हिरावून घेतले आहे, हे क्रियांच्या प्रश्नांतूनच कळते. मराठी घरांसाठी त्यांत काही प्रश्नांची भर घालणे आवश्यक ठरते. मांडी घालता येते का? पाटावरून उठताना कशाचा आधार लागतो? एस.टी.ची पहिली पायरी चढता येते का? गेल्या महिन्यात देवळात, हळदीकुंकवाला किंवा शेजारी जाणे टाळले का? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर अनेकदा होकारार्थी असते आणि त्याचे कारण वेदनेपेक्षा 'तिथे खाली बसावे लागते' हे असते.

तपासणीत सूज, उष्णता, गुडघा पूर्ण सरळ होतो की नाही, पायाला आलेला बाक, मांडीच्या स्नायूंची जाडी आणि चाल पाहतात. वजन, रक्तदाब, रक्तातील साखर, घेत असलेली सर्व औषधे व पूर्वी झालेले जठरव्रण किंवा मूत्रपिंडाचे विकार यांची नोंद औषधयोजनेच्या दृष्टीने महत्त्वाची असते. दुर्बल दृष्टी व मागील वर्षातील पडण्याचे प्रसंग आवर्जून विचारावेत.

शौचालयाचा प्रश्न

गुडघेदुखीच्या शुश्रूषेत सर्वांत कमी बोलला जाणारा आणि सर्वाधिक हाल करणारा विषय शौचालयाचा आहे. भारतीय पद्धतीच्या शौचपात्रावर पूर्ण उकिडवे बसावे लागते. या स्थितीत वाटीमागील सांध्यावर मोठा दाब येतो आणि उठताना मांडीच्या स्नायूंना शरीराचा सगळा भार उचलावा लागतो. स्नायू दुबळे असतील तर रुग्ण नळाला, दाराच्या कडीला किंवा बादलीच्या काठाला धरून उठतो. यांपैकी काहीही निसटू शकते.

यावर रुग्ण, विशेषतः स्त्रिया, स्वतःचा उपाय शोधतात आणि तो कोणाला सांगत नाहीत: त्या पाणी पिणे कमी करतात. दुपारनंतर पाणी बंद, रात्री तर मुळीच नाही, म्हणजे उठावे लागत नाही. काही जणी जेवणही कमी करतात. याची परिणती बद्धकोष्ठता, मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग, चक्कर आणि, वेदनाशामक गोळ्या चालू असल्यास, मूत्रपिंडावरील ताण यांत होते. बद्धकोष्ठता झाली की शौचालयात अधिक वेळ बसावे लागते व दुखणे वाढते. 'आजी फार कमी पाणी पितात' ही तक्रार घरच्यांनी केल्यास त्याचा संबंध तहानेऐवजी गुडघ्याशी लावून पाहावा. हा प्रश्न एकांतात आणि सरळ शब्दांत विचारावा लागतो. मुलगा किंवा सासरे समोर असताना त्याचे खरे उत्तर मिळत नाही.

उपाय बहुधा स्वस्त असतात. शक्य असेल तेथे कमोड बसवावा व तो नेहमीपेक्षा काहीसा उंच असावा. बाजारात मिळणारी उंची वाढवणारी बैठकही त्यासाठी चालते. ते परवडत नसेल किंवा घर भाड्याचे असेल, तर भारतीय शौचपात्रावर ठेवण्याची मधोमध छिद्र असलेली खुर्ची वापरतात. तिचे पाय डगमगत नाहीत, याची खात्री केल्याशिवाय ती रुग्णाला देऊ नये. भिंतीत घट्ट बसवलेला दांडा उजव्या किंवा डाव्या हाताला, म्हणजे रुग्ण ज्या हाताने जोर लावतो त्या बाजूला हवा. टॉवेल अडकवण्याचा दांडा या कामाचा नव्हे. तो माणसाच्या वजनाने उपटून येतो. शौचालय अंगणापलीकडे असेल तर रात्रीपुरती कमोडची खुर्ची खोलीत ठेवावी. खोलीत शौचास बसण्याची लाज ही खरी अडचण आहे व ती हसण्यावारी नेऊ नये. एक पडदा आणि खुर्ची स्वच्छ करण्याची ठरलेली वेळ यांनी ती पुष्कळ कमी होते.

घरातील इतर बदल

न्हाणीघरातील ओल आणि तेल यांचा संयोग धोक्याचा असतो. अंगाला तेल चोळून लगेच मोरीत जाण्याची सवय अनेकांना आहे. तळपाय पुसल्याशिवाय चालू नये आणि आंघोळ प्लास्टिकच्या मजबूत स्टुलावर बसून करावी. उंबरठ्याला उठून दिसेल असा रंग द्यावा, सुटी पायपुसणी काढून टाकावीत व खाट ते शौचालय या वाटेवर रात्रभर मंद दिवा ठेवावा.

स्वयंपाकाची विळी, पाट आणि जमिनीवरचा पोळपाट ओट्यावर किंवा टेबलावर आणता येतो. विळीवर भाजी चिरण्याची सवय चाळीस वर्षांची असते आणि सुरी हातात बसत नाही. अशा वेळी ओट्याला कसून बसवता येणारी विळी मिळते, ती द्यावी. ओट्याजवळ उंच स्टूल ठेवून बसत उठत काम करावे. खुर्चीची बैठक गुडघ्याच्या उंचीपेक्षा खाली नसावी आणि तिला हात असावेत, कारण उठताना अर्धा जोर हातांनी लावता येतो. देवपूजेसाठी देव्हारा भिंतीवर कमरेच्या उंचीला घेता येतो. हा बदल काही रुग्णांना मान्य नसतो; देवासमोर खुर्चीवर बसणे त्यांना अवमान वाटतो. अशा वेळी घरातील किंवा गावातील आदरणीय व्यक्तीचे एक वाक्य परिचारिकेच्या सल्ल्यापेक्षा लवकर काम करते.

व्यायाम

व्यायाम हा या रोगातील मुख्य उपचार आहे. तो औषधांना जोडलेली पुरवणी नव्हे. ब्रिटनमधील नाइस या संस्थेच्या २०२२ सालच्या मार्गदर्शक सूचना आणि अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या महाविद्यालयाच्या २०१९ सालच्या सूचना, दोन्हींत व्यायाम आणि वजन कमी करणे यांना अग्रस्थान आहे. मांडीचा पुढचा स्नायू बळकट झाला की चालताना गुडघ्याला बसणारे धक्के तो झेलतो.

घरी करता येण्याजोगे व्यायाम साधे आहेत. पाय सरळ पसरून बसावे, गुडघ्याखाली टॉवेलची लहान गुंडाळी ठेवून ती गुडघ्याने खाली दाबावी, ५ आकडे मोजावेत व सोडावी. असे १० वेळा. उताणे झोपून एक पाय दुमडावा व दुसरा सरळ ठेवून वीतभर वर उचलावा. टाच गादीवरून घसरत जवळ आणावी व पुन्हा लांब करावी. खुर्चीवरून हात न टेकता उठावे व सावकाश बसावे. हा शेवटचा व्यायाम सर्वांत उपयुक्त म्हणता येईल, कारण शौचालयातून उठण्याची ती थेट तालीम आहे. ज्यांना हात न टेकता उठणे जमत नाही त्यांनी बैठकीवर उशी ठेवून उंची वाढवून सुरुवात करावी.

व्यायामाच्या वेळी थोडे दुखणे अपेक्षित आहे. वाढलेली वेदना दोन तासांनंतरही टिकली तर मात्रा अधिक झाली असे समजून दुसऱ्या दिवशी ती कमी करावी. व्यायाम बंद करू नये. सूज आलेल्या दिवशी भार देणारे व्यायाम सोडून पडल्या पडल्या करावयाचे व्यायाम करावेत. परिणाम दिसण्यास काही आठवडे लागतात, आणि बहुसंख्य रुग्ण त्याआधीच सोडून देतात. 'पंधरा दिवस केले, काही फरक नाही' हे वाक्य येणारच आहे असे धरून परिचारिकेने पंधराव्या दिवसाच्या आतच भेट ठरवावी.

सपाट जमिनीवरचे चालणे हितकारक असते. एका दमात जमत नसेल तर दिवसातून तीनदा दहा दहा मिनिटे चालावे. योगासनांपैकी उभ्याने व खुर्चीवर बसून करावयाची आसने चालतात. जेवणानंतर वज्रासनात बसण्याची प्रथा मात्र झीज वाढलेल्या गुडघ्याला त्रासदायक ठरते व ती सोडण्यास सांगावे लागते.

विश्रांतीबाबत एक सवय आवर्जून मोडावी लागते. गुडघ्याखाली उशी घेऊन झोपल्यावर बरे वाटते, म्हणून रुग्ण रोज तसेच झोपतो. काही महिन्यांत गुडघा दुमडलेल्या स्थितीत आखडतो व पूर्ण सरळ होत नाही. वाकलेल्या गुडघ्याने चालणे अधिक श्रमाचे असते. उशी घ्यावयाचीच तर टाचेखाली घ्यावी, म्हणजे गुडघा आपल्या वजनाने सरळ राहतो.

काठी आणि वॉकर

काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरावी. हे बहुतेकांना उलटे वाटते. उजवा गुडघा दुखत असेल तर काठी डाव्या हातात, आणि ती उजव्या पावलाबरोबर पुढे टाकावी. उभे राहून हात सैल सोडला असता काठीची मूठ मनगटाच्या घडीपाशी यावी. टोकाचे रबरी बूच गुळगुळीत झाले की बदलावे. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आणि काठी आधी. दोन्ही गुडघे दुखत असतील किंवा तोल जात असेल तर वॉकर अधिक सुरक्षित असतो. काठी म्हणजे म्हातारपण, या भावनेमुळे ती कोपऱ्यात पडून राहते; छत्री हाती घेऊन बाहेर पडण्यास मात्र कोणाचा विरोध नसतो. तरीही छत्रीवर भार देऊन चालू देऊ नये, तिचे टोक घसरते.

वजन आणि आहार

चालताना शरीराचे एक किलो वजन कमी झाले तर प्रत्येक पावलामागे गुडघ्यावरील भार सुमारे चार किलोंनी कमी होतो, असे लठ्ठ व्यक्तींच्या अभ्यासात आढळले आहे. दुखते म्हणून चालत नाही आणि चालत नाही म्हणून वजन वाढते, हे चक्र तोडण्यासाठी आहारावर भर द्यावा लागतो. चहातील साखर, फरसाण, बिस्किटे आणि उपवासाचे साबुदाणा, शेंगदाणे व तळलेले पदार्थ यांची मोजदाद करावी. आठवड्यातून दोन उपवास करणाऱ्या रुग्णाचे वजन का उतरत नाही, याचे उत्तर तेथे सापडते. डाळी, उसळी, दूध, अंडी यांतून पुरेशी प्रथिने मिळाली नाहीत तर वजनाबरोबर स्नायूही घटतात. आंबट, वांगे, बटाटा यांनी गुडघ्यांत 'वात धरतो' अशी समजूत आहे. अस्थिसंधिवाताच्या बाबतीत तिला वैद्यकीय पुरावा नाही. परंतु रुग्णाने एखादा पदार्थ स्वखुशीने सोडला असेल तर त्यावर वाद घालण्यात वेळ दवडू नये.

औषधे

गुडघ्यावर लावण्याचे डायक्लोफेनॅकसारखे वेदनाशामक मलम हे पहिले औषध मानले जाते, कारण त्याचा फारच थोडा अंश रक्तात जातो. ते दिवसातून ठरलेल्या वेळा लावावे लागते. दुखेल तेव्हा बोटभर लावून उपयोग होत नाही. लावल्यावर हात धुवावेत, त्यावर लगेच गरम शेक घेऊ नये आणि जखमेवर लावू नये.

पोटात घेण्याच्या वेदनाशामक गोळ्यांनी आराम पडतो, पण त्यांनी जठरव्रण व रक्तस्राव होऊ शकतो, रक्तदाब वाढतो आणि मूत्रपिंड व हृदय यांना अपाय संभवतो. रक्तदाबाच्या काही गोळ्या आणि लघवी वाढवणारी औषधे चालू असताना मूत्रपिंडाचा धोका आणखी वाढतो. औषधाच्या दुकानातून जुन्या चिठ्ठीवर वर्षानुवर्षे गोळ्या आणल्या जातात. एसेक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेली गोळी घेणारा रुग्ण अंगदुखीसाठी वेगळी पॅरासिटामॉलही घेतो आणि आपण एकच औषध दोनदा घेत आहोत हे त्याला ठाऊक नसते. घरभेटीत औषधांचा डबाच समोर ओतून पाहणे, हा यावरचा खात्रीचा मार्ग होय. शौच काळे झाल्यास गोळी थांबवून त्वरित डॉक्टरांकडे जावे. ग्लुकोसामीनच्या गोळ्यांची शिफारस वरील दोन्ही मार्गदर्शक सूचना करत नाहीत. त्या महाग असतात व तो पैसा कमोडसाठी किंवा चांगल्या पादत्राणांसाठी वापरणे अधिक हिताचे.

सांध्यात दिलेल्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनाने काही आठवडे आराम मिळतो. मधुमेही रुग्णाची साखर त्यानंतर काही दिवस वाढते, म्हणून ती तपासत राहावी.

घरगुती आणि पारंपरिक उपचार

चरकसंहितेच्या वातव्याधींच्या प्रकरणात सांध्यातील वाताचे वर्णन असून सुजलेला सांधा हवा भरलेल्या पिशवीसारखा हाताला लागतो, असे त्यात म्हटले आहे. तेलाचे मर्दन, निर्गुडीच्या पाल्याचा शेक, एरंडाची पाने बांधणे हे उपचार महाराष्ट्रात घरोघरी चालतात. त्यांनी उबारा मिळतो, स्नायू सैल होतात आणि घरचे कोणी तरी रोज पंधरा मिनिटे रुग्णाजवळ बसते. या तिन्ही गोष्टींचे मोल आहे. ते बंद करण्याचे कारण नाही. मधुमेहाने पायाची संवेदना कमी झालेल्या रुग्णाला मात्र शेकाचा चटका कळत नाही, म्हणून पिशवीची उष्णता दुसऱ्याने आपल्या हातावर पाहावी व मध्ये कापडाची घडी ठेवावी.

बिब्बा घालणे आणि डाग देणे हे प्रकार मात्र निश्चितपणे घातक आहेत. बिब्ब्याच्या तेलाने त्वचेवर फोड येऊन चिघळणारी जखम होते. त्यात जंतुसंसर्ग झाल्यास तो सांध्यापर्यंत पोहोचू शकतो आणि शस्त्रक्रिया ठरली असेल तर ती पुढे ढकलावी लागते. बाजारात 'एका पुडीत गुडघे मोकळे' अशा हमीने विकल्या जाणाऱ्या निनावी चूर्णांत स्टेरॉइड मिसळलेले आढळण्याचे प्रकार घडतात. चेहरा गोल व सुजलेला होणे, साखर अचानक वाढणे, त्वचा पातळ होऊन निळे डाग पडणे ही त्याची चिन्हे होत. असे चूर्ण दीर्घकाळ घेतले असेल तर ते एकदम बंद करणेही धोक्याचे असते. पुडी घेऊन डॉक्टरांकडे जावे.

मानसिक बाजू

सतत दुखणाऱ्या माणसाची झोप मोडते, चिडचिड वाढते आणि हळूहळू त्याचे बाहेर जाणे थांबते. ज्या स्त्रीने आयुष्यभर घर उभे केले तिला 'तुम्ही काही करू नका' असे सांगितले की घरातील तिचे स्थानही काढून घेतल्यासारखे होते. खुर्चीवर बसून करता येईल असे खरे, नेमाचे काम तिच्याकडे ठेवावे: भाजी निवडणे, नातवंडांचा अभ्यास, हिशेब. रडणे, अन्नावरची वासना उडणे, 'आता सुटले तर बरे' असे वारंवार बोलणे यांकडे वयाचा स्वभाव म्हणून पाहू नये. ती नैराश्याची लक्षणे असू शकतात व त्यांवर उपचार होतात.

सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया

इतर उपायांनी आराम न पडता रोजचे जगणे अशक्य झाल्यास कृत्रिम सांधा बसवतात. ऑगस्ट २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या कमाल किमती ठरवून दिल्या. सांध्याची किंमत हा एकूण खर्चाचा एक भाग असतो, हे कुटुंबाला आधी समजावून सांगावे.

शस्त्रक्रियेपूर्वी साखर आटोक्यात आणणे, दात, लघवी व त्वचा यांतील जंतुसंसर्गावर उपचार करणे, रक्त पातळ करणाऱ्या औषधांविषयी डॉक्टरांना सांगणे आणि मांडीचे व्यायाम चालू ठेवणे ही कामे असतात. उंच खुर्ची, कमोड आणि तळमजल्यावरील खाट यांची व्यवस्था रुग्ण घरी येण्याआधी झालेली असावी. शस्त्रक्रियेनंतर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी वॉकरच्या आधाराने उभे करतात. घोट्यापासून पाऊल वरखाली हलवत राहणे, रक्ताच्या गुठळ्या रोखणारी औषधे वेळेवर देणे, जखमेकडे लक्ष ठेवणे, वेदना वाढण्याआधीच औषध देऊन मग व्यायाम करवून घेणे हे परिचर्येचे मुख्य भाग होत. गुडघा ९० अंशांपर्यंत वाकणे आणि पूर्ण सरळ होणे, दोन्ही सारखेच महत्त्वाचे आहे. जखमेच्या बाहेरच्या बाजूला त्वचा बधिर राहते. ते अपेक्षित असून रुग्णाला आधी सांगितल्यास घबराट होत नाही. मांडी घालून किंवा उकिडवे बसणे यानंतर सामान्यतः टाळावे लागते. पंगतीत बसता येईल या आशेने शस्त्रक्रियेस तयार झालेल्या रुग्णाला हे नंतर कळले तर उत्तम झालेली शस्त्रक्रियाही त्याला फसलेली वाटते.

तातडीची लक्षणे

पुढील स्थितीत घरगुती उपचारांत वेळ न घालवता रुग्णालय गाठावे. गुडघा अचानक लाल, गरम व सुजलेला होऊन ताप येणे हे सांध्यातील जंतुसंसर्गाचे लक्षण असू शकते. काही दिवसांतच त्याने सांधा कायमचा निकामी होतो. एका पायाची पोटरी सुजणे, दुखणे किंवा त्यासोबत धाप लागणे हे रक्ताची गुठळी झाल्याचे लक्षण असू शकते व ते शस्त्रक्रियेनंतरच्या आठवड्यांत विशेष लक्षात ठेवावे. पडल्यानंतर पायावर भार न देता येणे हे गुडघेदुखी वाढल्याचे समजून अंगावर काढले जाते. वृद्धांमध्ये ते खुब्याचे हाड मोडल्यामुळे असू शकते, आणि अशा वेळी खुब्याऐवजी गुडघ्यातच दुखत असल्याची तक्रार रुग्ण करू शकतो.